मागच्या सीटचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हातखंब्याच्या तिठ्यावर अर्धा तास उभे राहिले, की चाकावर चालणारे बहुतेक सगळे प्रकार नजरेखालून जातात. मुंबई-गोवा महामार्ग, जो २०१० सालच्या फेरक्रमांकापूर्वी सतरा क्रमांकाचा होता आणि आता सहासष्ट क्रमांकाचा आहे, तो इथून पालीकडे जातो. एक फाटा रत्नागिरी शहराकडे वळतो. एसटी येते, चिऱ्यांनी भरलेला ट्रक येतो, हंगामात आंब्याच्या पेट्या घेतलेले टेम्पो येतात. या गर्दीत गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रकार दिसू लागला आहे. जमिनीला जवळजवळ टेकलेल्या, खाली बसवलेल्या छोट्या मोटारी. तरुण मुले त्याला 'गाडी लो केली' असे म्हणतात. अशी मोटार गतिरोधकाजवळ आली, की तिरकी होऊन एकेक चाक चढवत जाते, आणि मागे एसटीचा हॉर्न वाजत राहतो.

श्रोतेहो, कविता लिहिणाऱ्या आणि कला शाखेची बीए पदवी घेतलेल्या माणसाने मोटारीच्या स्प्रिंगवर का बोलावे, असे तुम्हाला वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. माझे वडील ट्रक चालवीत. आमच्या घरी रात्रीच्या जेवणात पाटे, बुश आणि शॉकअप हे शब्द मिठाइतकेच नेहमीचे होते. दुसरे कारण माझा भाचा. त्याने जुनी मोटार विकत घेतली, ती आधीच्या मालकाने लो केलेली. गाडी दिसते झोकदार. पण मागे माणसे बसली, की खड्ड्यात धाडकन दणका बसतो. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, पाठीच्या दुखण्यासाठी दर महिन्याला आंबा घाटातून कोल्हापूरला जाते, आणि ती मागच्या सीटवर बसते. आपा काही बोलत नाही. घाट सुरू झाला, की दारावरचा हँडल धरते आणि डोळे मिटून घेते.

भाचा एक दिवस यादी घेऊन आला. "मामू, मागं काय टाकू? नव्या स्प्रिंगा, भारी शॉकअप, कॉइलओव्हर, का जाडा बार?" त्याला उत्तर देण्यासाठी मी वाचले, ओळखीच्या मिस्त्रीकडे दोन दुपारी बसलो, आणि जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. मोटार नसलेल्यांनाही ते उपयोगी पडेल. कारण मागच्या सीटवर कधी ना कधी आपण सगळेच बसतो.

आधी कोण काय काम करते ते पाहू. मोटारीचे वजन स्प्रिंग उचलते. शॉकअप वजन उचलत नाही. हा फार मोठा गैरसमज आहे. दाबलेली स्प्रिंग सुटली, की वर-खाली नाचत राहते. तो नाच थांबवणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते, तेलात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक झडपा असतात. चाक हलले, की तेल त्या अरुंद वाटेतून ढकलले जाते आणि हालचालीची ताकद उष्णतेत जाते. तिसरा भाग म्हणजे रबराचा किंवा फोमसारख्या प्लास्टिकचा एक ठोकळा, बम्प स्टॉप. चाक वर येता येता जागा संपली, तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो असतो. भाच्याच्या गाडीतला 'धाडकन' आवाज या ठोकळ्याचा होता.

आता मुख्य गोष्ट. लहान मोटारीत इंजिन पुढे असते, त्यामुळे पुढच्या चाकांवरचे वजन फारसे बदलत नाही. चालक एकटा असो की घर भरून माणसे असोत, पुढच्या बाजूला थोडाच फरक पडतो. मागचे तसे नाही. रिकाम्या मोटारीत मागच्या दोन चाकांवर मिळून चारशे किलोच्या आसपास भार असतो. मागे तीन मोठी माणसे बसली आणि डिक्कीत थोडे सामान टाकले, की त्यात दोनशे किलोची भर पडते. म्हणजे भार दीडपट होतो. मागची स्प्रिंग निवडणे अवघड असते ते यासाठी. तिला रिकामे घरही सांभाळायचे असते आणि लग्नघरही.

ट्रकवाल्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. ट्रकच्या मागच्या मुख्य पाट्यांच्या वर थोडे जादा पाटे बसवलेले असतात. गाडी रिकामी असताना ते टेकतच नाहीत. माल भरला, मुख्य पाटे वाकले, की ते जाऊन टेकतात आणि मदतीला येतात. लहान मोटारीसाठी मिळणाऱ्या काही स्प्रिंगांचे वेटोळे एका टोकाला जवळ आणि दुसऱ्या टोकाला लांब असतात. तत्त्व तेच. थोड्या भाराला मऊ, जास्त भाराला कडक.

थोडे आकडे मांडू. हे आकडे एका विशिष्ट मोटारीचे नाहीत, हिशेबासाठी धरलेले आहेत. समजा, रिकाम्या मोटारीत मागचे चाक बम्प स्टॉपला लागेपर्यंत ९० मिलिमीटर वर येऊ शकते. समजा, प्रत्येक चाकापाशी २ किलो वजनाला स्प्रिंग १ मिलिमीटर दबते. मागे २०० किलो आले, म्हणजे एका चाकाच्या वाट्याला १०० किलो. स्प्रिंग ५० मिलिमीटर दबली. ९० मधून ५० गेले, खड्ड्यासाठी ४० उरले. कंपनीतून आलेल्या गाडीची ही स्थिती.

आता तीच गाडी ४० मिलिमीटर खाली आणली आणि स्प्रिंगचा कडकपणा तोच ठेवला. ९० मधून ४० आधीच गेले. उरलेले ५० माणसे बसताच संपले. हाती शून्य. म्हणजे गाडी अंगणातून निघण्यापूर्वीच ठोकळ्यावर बसली! पुढचा प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्याला.

कोणी म्हणेल, स्प्रिंग कडक करा. केली. पाव हिश्शाने कडक, म्हणजे अडीच किलोला १ मिलिमीटर. माणसे बसल्यावर ती ४० मिलिमीटर दबते. ९० वजा ४० वजा ४०, उरले १०. हे पुरत नाही. पण गाडी ४० ऐवजी २० मिलिमीटरच खाली आणली आणि तीच पाव हिश्शाने कडक स्प्रिंग घेतली, तर ३० मिलिमीटर उरतात. कडक स्प्रिंग त्याच खड्ड्याला थोडी कमी दबते, हे धरले तर ३० मध्ये निभावते. दिसण्यात फरक फक्त दोन बोटांचा. बसणाऱ्याच्या दृष्टीने तो दुखणे आणि न दुखणे यांतला फरक आहे.

म्हणून भाच्याला मी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की कोणता भाग घ्यायचा हे नंतर बघ. भरलेल्या गाडीत चाकाला वर यायला किती जागा उरते ते आधी मोज. मोजायला खर्च नाही. गाडी सपाट जागी उभी करावी. मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेपने अंतर घ्यावे. मग घरची माणसे बसवावीत, सामान ठेवावे आणि पुन्हा अंतर घ्यावे. दोन्हींतला फरक म्हणजे भाराने खर्च झालेली जागा. चाकाच्या बाजूने बॅटरीचा उजेड टाकला, की बऱ्याच गाड्यांत ठोकळा आणि त्याची बैठक यांतली फटही दिसते. मात्र जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही डोके घालू नये.

आता स्प्रिंग कापण्याविषयी. गाडी लो करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे आहे त्याच स्प्रिंगचे एक वेटोळे कापून टाकणे. सहा वेटोळ्यांतले एक गेले, तर उरलेली स्प्रिंग सहाला पाच या प्रमाणात, म्हणजे वीस टक्के, कडक होते. इथपर्यंत गणित सोपे आहे. पण गॅसच्या ज्योतीने कापले, तर त्या जागच्या पोलादाचे पाणी जाते आणि स्प्रिंग तिथून तुटू शकते. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक हवेत लोंबले, म्हणजे जॅक लावला किंवा गाडी मोठ्या खड्ड्यावरून उडाली, की आखूड स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकण्याचा धोका असतो. भाच्याची गाडी जॅकवर घेतली तेव्हा मागच्या दोन्ही स्प्रिंगा कापलेल्या निघाल्या. मिस्त्रीने एक हाताने फिरवून दाखवली. ती फिरली. त्या दिवशी आपाला कोल्हापूरला एसटीने पाठवले.

आता यादीतल्या एकेका वस्तूकडे येतो.

पहिली स्प्रिंग. घ्यायची तर त्या मॉडेलसाठी बनवलेली, चाक पूर्ण लोंबले तरी बैठकीत घट्ट राहणारी, आणि वीस-पंचवीस मिलिमीटरपेक्षा जास्त खाली न आणणारी. वेटोळ्यांच्या मधे ठोकायचे रबरी बफर बाजारात मिळतात. त्यांनी स्प्रिंग कडक होते आणि बसलेली गाडी थोडी उचलली जाते. पण ज्या वेटोळ्यांत बफर अडकवला ती नीट काम करीत नाहीत आणि बाकीच्यांवर ताण वाढतो. कापलेल्या स्प्रिंगवर तो इलाज नाही.

दुसरा शॉकअप. गझल लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे, की शेराची पहिली ओळ कितीही जोरकस असली तरी दुसरी तिला पेलणारी नसेल तर शेर पडतो. स्प्रिंग आणि शॉकअप यांचे तसेच आहे. स्प्रिंग पाव हिश्शाने कडक झाली, की तिच्या नाचण्याचा वेग सुमारे बारा टक्क्यांनी वाढतो. जुना, थकलेला शॉकअप तो आवरू शकत नाही. शिवाय गाडी खाली आली, की शॉकअपचा दट्ट्या नळीत खालच्या भागात काम करू लागतो आणि तळाला आपटण्याचा संभव वाढतो. म्हणून बसक्या गाडीला थोड्या आखूड बांध्याचे, त्या स्प्रिंगशी जुळणारे शॉकअप लागतात. पैसे थोडे असतील तर स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही मध्यम दर्जाचे घ्यावेत. एक भारी आणि एक जुना अशी जोडी करू नये.

तिसरा बम्प स्टॉप. यादीत तो नव्हताच. गाडी लो करताना काही जण तो काढूनच टाकतात, म्हणजे जागा वाढते! तसे कधीही करू नये. ठोकळा गेला, की टायर आतल्या पत्र्याला घासतो किंवा शॉकअप फुटतो. थोडा आखूड आणि हळूहळू कडक होत जाणारा ठोकळा मिळतो, तो स्प्रिंगबरोबरच बदलावा. या सगळ्यांत स्वस्त वस्तू हीच.

चौथा कॉइलओव्हर. यात आटे फिरवून उंची कमी-जास्त करता येते. आपल्याकडच्या बऱ्याच लहान मोटारींत मागे एकच आडवी तुळई असते आणि स्प्रिंग व शॉकअप वेगवेगळ्या जागी बसतात. तिथे स्प्रिंगखालची बैठक वर-खाली करावी लागते. वस्तू चांगली, पण महाग. आणि आपल्या किनाऱ्याची खारी हवा, लाल चिखल, चार महिन्यांचा पाऊस! आटे साफ करून ग्रीस लावले नाही, तर एका पावसाळ्यात ते धरतात आणि मग उंची बदलण्याची सोय कागदावर राहते.

पाचवा जाडा बार. हा मागच्या दोन चाकांना एकमेकांशी जास्त घट्ट बांधतो, त्यामुळे वळणावर गाडी कमी झुकते. पण गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढतात तेव्हा तो काहीच करीत नाही, आणि मागे बसलेल्यांचा भारही उचलत नाही. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीत मागचा बार फार कडक केला, तर ओल्या वळणावर मागची बाजू आधी सुटू शकते. आंबा घाटात जुलै महिन्यात हे नको. भाच्याच्या यादीतून मी बार खोडला.

आणखी दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. काही मोटारींत मागच्या ब्रेकला जोडलेली एक झडप असते. मागची बाजू भाराने किती दबली ते एका दांड्याने किंवा स्प्रिंगने तिला कळते आणि त्याप्रमाणे ती मागच्या ब्रेकला कमी-जास्त दाब देते. गाडी लो केली, की या झडपेला गाडी भरलेली आहे असे वाटते. मग रिकाम्या गाडीतही मागे जास्त दाब जातो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकून गाडी फिरू शकते. अशी झडप असेल तर ती नव्या उंचीप्रमाणे जुळवून घ्यावी. तसेच मागची बाजू बसली, की पुढचे दिवे आकाशाकडे पाहू लागतात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. काम झाल्यावर दिव्यांचा कोनही तपासावा.

गतिरोधकाचेही गणित आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो ओलांडता येतो. सुमारे २.४ मीटर अंतरावर चाके असलेली मोटार त्याच्या मधोमध आली, तर पोटाखालची जागा साधारण ४ सेंटिमीटरच कमी होते. पण गावोगावचे गतिरोधक निकष पाहून घातलेले नसतात. अरुंद, उभा उंचवटा दोन चाकांच्या मधे आला, की त्याची सगळी उंची पोटाला भिडते. लो केलेली गाडी तिरकी जाते ती याच भीतीने.

कायद्याचेही सांगायला हवे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. गाडीचे मॉडेल बाजारात येण्यापूर्वी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत त्याच्या ब्रेकची आणि इतर भागांची चाचणी झालेली असते. आपण गॅरेजमध्ये जो बदल करतो, त्याची चाचणी आपल्याच घरची माणसे घेतात.

मग सर्वांत चांगला इलाज कोणता? खरे सांगायचे, तर मूळ उंचीच्या कंपनीच्या स्प्रिंगा, नवे शॉकअप, नवे ठोकळे आणि नवे बुश. पुष्कळ गाड्यांत मागचा त्रास भाग थकल्याचा असतो. डिक्कीवर जोर देऊन गाडी दाबावी आणि सोडावी. एका हेलकाव्यात ती थांबली तर ठीक; नाचत राहिली, किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेले दिसले, तर आधी तेच बदलावे.

भाच्याचे वय तेवीस. मूळ उंची म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. मी वाद घातला नाही. त्याला म्हटले, "किल्ली मिस्त्रींकडं दे आणि तू मागं बस. आपाच्या जागेवर." मी त्याच्या शेजारी बसलो, तिसरी जागा मिस्त्रीच्या पोराने घेतली, आणि हातखंब्याहून पालीपर्यंत जाऊन आलो. या रस्त्याने चौपदरीकरणाच्या काळात किती वळसे आणि किती खड्डे पाहिले, ते इथल्या माणसांना सांगायला नको. कापलेल्या स्प्रिंगा तोवर गाडीतच होत्या, म्हणून मिस्त्रीने ती अगदी सावकाश नेली. तरी जाताना पोरगा गप्प होता. येताना त्याने दारावरचा हँडल धरला. पुढच्याच आठवड्यात कापलेल्या स्प्रिंगा भंगारात गेल्या. जुळणारे शॉकअप, नवे ठोकळे आणि मूळ उंचीच्या स्प्रिंगा बसल्या. लो करायचे राहिले का, असे विचारले तर म्हणतो, "बघू मामू, पावसाळा संपू दे."

तुमच्या घरातला कोणी मुलगा गाडी खाली आणायचे म्हणत असेल, तर त्याच्यावर रागावू नका. त्याच्या हातात टेप द्या, घरातली सगळी माणसे गाडीत बसवा आणि उरलेली जागा मोजायला सांगा. मग एकदा त्याला मागे बसवून गावाबाहेरच्या रस्त्यावरून फिरवून आणा. स्प्रिंगचे पैसे त्यानंतर द्या.